मलबार हिलचा जलाशय : उर्वरित आयुष्य ठरवण्याचे एक प्रकरण

मुंबईत मलबार हिलच्या माथ्यावरचे फिरोजशाह मेहता उद्यान, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले हँगिंग गार्डन, एका जलाशयाच्या छतावर पसरलेले आहे. १८८० च्या दशकात बांधलेला हा जलाशय बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचा असून त्याची साठवणक्षमता १४.७ कोटी लिटर आहे. मलबार हिल, ग्रँट रोड, ताडदेव अशा दक्षिण मुंबईतील भागांचा पाणीपुरवठा त्याच्यावर अवलंबून आहे. महापालिका आजही ज्या १८८८ च्या अधिनियमाखाली चालते, त्याच्याच पिढीची ही वास्तू. २०२३ मध्ये हा जलाशय पाडून नव्याने बांधण्याचा आणि त्याची क्षमता सुमारे १९ कोटी लिटरपर्यंत वाढवण्याचा ६९८ कोटी रुपयांचा प्रकल्प चर्चेत आला. त्यासाठी ३८९ झाडे तोडावी किंवा दुसरीकडे लावावी लागणार होती आणि उद्यान सात वर्षांपर्यंत बंद राहील असे सांगितले जात होते. रहिवाशांनी विरोध केला, लोकप्रतिनिधी मध्ये पडले, आयआयटी मुंबईचे प्राध्यापक, महापालिकेचे अधिकारी आणि स्थानिक तज्ज्ञ नागरिक यांची समिती नेमली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये काही भागांत पाणीकपात करून कप्पे रिकामे केले गेले व आतून पाहणी झाली. समितीत सर्व मुद्द्यांवर एकमत झाले नाही. पुढे आयआयटी रुरकीचेही मत घेण्यात आले आणि अखेर पुनर्बांधणी बाजूला ठेवून दुरुस्तीचा मार्ग धरण्यात आला.

या वादात झाडे आणि उद्यान यांवर बरेच लिहिले गेले, आणि ते योग्यही होते. मात्र स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मालमत्तांचे उपयुक्त आयुष्य, म्हणजे त्या किती वर्षे कामाला येतील हे, कसे ठरवावे, या एरवी लेखा विभागाच्या कपाटात बंद राहणाऱ्या प्रश्नासाठी हे प्रकरण फार मोलाचे आहे. एका मत्तेचे, म्हणजे मालमत्तेचे, उर्वरित आयुष्य शून्य आहे असे गृहीत धरून ६९८ कोटींचा निर्णय जवळजवळ झाला होता, आणि आत उतरून पाहिल्यावर तो बदलला. मधल्या काळात जलाशयाचे वय फार तर वर्ष-दोन वर्षांनी वाढले होते. बदलली ती माहिती.

वयाचा युक्तिवाद

पुनर्बांधणीच्या बाजूने सर्वांत जास्त वेळा सांगितले गेलेले कारण म्हणजे जलाशय सव्वाशेहून अधिक वर्षांचा झाला आहे. ऐकणाऱ्याला ते लगेच पटते. सरकारी तक्त्यांत कोणत्याच बांधकामाला इतके आयुष्य दिलेले नसते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत प्रबलित काँक्रीटच्या (आरसीसी) चौकटीच्या इमारतीला ६० वर्षे, तशी चौकट नसलेल्या इमारतीला ३० वर्षे, पूल-मोऱ्या-बंधाऱ्यांना ३० वर्षे आणि विंधन विहिरीला ५ वर्षे धरली आहेत. अनुसूची कंपन्यांसाठी आहे, महापालिकांसाठी नाही. तरीही जिथे स्वतःचा तक्ता नसतो तिथे सल्लागार तोच उचलतात, कारण लेखापरीक्षकाला दाखवायला छापील आधार मिळतो.

पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांकडे आणखी एक तक्ता असतो. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेच्या १९९९ च्या आवृत्तीत धरणाला ५० वर्षे, जलवाहिन्यांना ३० वर्षे, पंपांना १५ वर्षे आणि सेवा जलाशयालाही (वस्तीला पाणी सोडणाऱ्या टाकीला) १५ वर्षे असे आकडे आहेत. हे आकडे संकल्पन कालावधीचे आहेत, म्हणजे पुढच्या किती वर्षांची मागणी धरून आकारमान ठरवायचे याचे. टाकी नंतर गरजेप्रमाणे वाढवता येते म्हणून तिला १५ वर्षे. धरण पुन्हा पुन्हा बांधता येत नाही म्हणून त्याला ५०. बांधकाम किती वर्षे टिकेल याच्याशी या आकड्यांचा संबंध नाही, तरी अनेक नगरपरिषदांच्या मालमत्ता नोंदवह्यांत हेच १५ आणि ३० ‘उपयुक्त आयुष्य’ या रकान्यात जाऊन बसलेले असतात. मग पंधरा वर्षांत पूर्ण घसारा (झिजेपोटी दरवर्षी किमतीतून होणारी वजावट) झालेली पाण्याची टाकी चाळीस वर्षे गावाला पाणी देत राहते आणि ताळेबंदात तिची किंमत एक रुपया दिसते. मलबार हिलचा जलाशय हे याच विसंगतीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणावे लागेल, कारण संकल्पन कालावधी पंधरा वर्षांचा धरला तर अशा नऊ टाक्यांचे काम या एकीने केले आहे.

तक्ता निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. एखाद्या संस्थेकडे पाचशे हातपंप, नव्वद किलोमीटर गल्लीतील रस्ते आणि हजारो पथदिवे असतील, तर प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करणे मूर्खपणाचे ठरेल. तिथे सरासरीच चालते आणि चुका एकमेकींना भागतात. पण एकुलती एक, मोठी, आणि बंद पडली तर अर्धे शहर कोरडे करणारी मत्ता सरासरीच्या हिशेबात बसत नाही. तिच्यासाठी तक्त्याने एवढेच सांगावे की आता आत जाऊन पाहण्याची वेळ झाली. मुंबई महापालिकेच्याच अधिनियमात हा विचार आहे. त्यातील कलम ३५३ब नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीच्या संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र मालकाने सादर करायचे असते. तिसाव्या वर्षी इमारत पाडा असे कायदा म्हणत नाही. तपासा, दुरुस्त करा आणि वापरा, असे म्हणतो. खासगी सोसायट्यांना लावलेला हा नियम पालिकेने स्वतःच्या मालमत्तांच्या नोंदवहीला लावला असता तर हा वाद कदाचित उभाच राहिला नसता.

आत उतरल्यावर काय पाहायचे असते

पाण्याच्या टाकीचे सर्व भाग एकाच गतीने म्हातारे होत नाहीत. तळ आणि भिंतींचा कायम पाण्याखाली असलेला भाग बहुधा उत्तम राहतो, कारण तिथे तापमान स्थिर असते आणि हवेचा प्राणवायू फारसा पोहोचत नाही. सर्वांत जास्त त्रास पाण्याच्या पातळीच्या वर-खाली होणाऱ्या पट्ट्याला आणि छताच्या खालच्या बाजूला होतो. पाणी आणि स्लॅब यांच्यामधल्या हवेत बारा महिने दमटपणा असतो, त्यात क्लोरीनची भर पडते. थेंब छताला चिकटून राहतात, ओघळतात, पुन्हा जमतात. काँक्रीटच्या आतली सळई एकदा गंजू लागली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो आणि आवरणाचे पापुद्रे सुटून खाली पडतात. खालून बॅटरीच्या उजेडात पाहणाऱ्याला हे दृश्य भयंकर वाटते. उघडी पडलेली लाल सळई दिसली की टाकी संपली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो निष्कर्ष छताच्या त्या भागापुरता असतो.

या जलाशयाच्या माथ्यावर तर बाग आहे. मातीचा थर उन्हापासून छताला वाचवतो, दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक कमी करतो, आणि त्याच वेळी पावसाळ्यात ओल धरून ठेवतो, मुळे सांध्यांत घुसवतो. झाडे हे वजन आहे आणि संरक्षणही आहे. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांनी यातील एकच अर्धे सांगितले, असे मला वाटते.

काँक्रीटचा जो भाग असेल त्याचे उर्वरित आयुष्य काढण्याची एक साधी पद्धत इथे नमूद करण्यासारखी आहे. ताजा फोडलेला काँक्रीटचा टवका घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारतात. जिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे तिथे गडद गुलाबी रंग येतो, आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडने जिथवर आत शिरकाव केला आहे तिथवर रंग येत नाही. हा बिनरंगी पट्टा पट्टीने मोजायचा. पट्टा सळईपर्यंत पोहोचला की सळईचे नैसर्गिक संरक्षण गेले असे समजतात. हा शिरकाव काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हिशेब सरळ त्रैराशिकाचा नसतो. समजा ६० वर्षांत पट्टा २० मिलिमीटर झाला आणि सळईवरचे आवरण ३० मिलिमीटर आहे. त्रैराशिकाने ९० व्या वर्षी सळई गाठली जाईल असे येते. वर्गमुळाच्या नियमाने दीड पटीचा वर्ग, म्हणजे सव्वादोन पट, अर्थात १३५ वे वर्ष. उर्वरित आयुष्य ३० ऐवजी ७५ वर्षे निघते. उलट आवरण घातले तेव्हा गवंड्याने हात आखडता घेतला असेल आणि ते १५ मिलिमीटरच असेल, तर त्या ठिकाणचे संरक्षण ३४ व्या वर्षीच संपले. एकाच छताच्या दोन कोपऱ्यांत असा फरक सापडतो, आणि म्हणून एका टाकीला एक आयुष्य देणे मुळातच चुकीचे आहे. दगडी बांधकामाला हा नियम लागू होत नाही. तिथे सांध्यांतील चुना धुपला का, भिंत कुठे कलली का आणि गळतीचे पाणी गढूळ येते की स्वच्छ, हे पाहावे लागते.

आणखी एक बाब टाकीच्या बाहेरची आहे. ऑगस्ट २०२० मधल्या अतिवृष्टीत मलबार हिलच्या उतारावर बी. जी. खेर मार्गालगतची संरक्षक भिंत ढासळून दरड खाली आली होती. टाकी कितीही मजबूत असली तरी तिचे आयुष्य ती ज्या टेकडीवर उभी आहे त्या टेकडीपेक्षा जास्त असू शकत नाही. उताराचा निचरा आणि खडकाची स्थिती हा जलाशयाच्या तपासणीचाच भाग मानायला हवा, मग तो रस्ता दुसऱ्या विभागाच्या ताब्यात का असेना.

दुरुस्तीसाठी सवड नाही

पुनर्बांधणीच्या समर्थनात जे दुसरे कारण दिले गेले ते वयापेक्षा कितीतरी वजनदार होते, आणि त्याकडे विरोधकांनी कमी लक्ष दिले. रोज भरणारा आणि रोज रिकामा होणारा जलाशय दुरुस्तीसाठी फार काळ बंद ठेवता येत नाही. कप्पे वेगळे करता येतात, पण एक कप्पा बंद केला की उरलेल्यांवर ताण येतो आणि उंचावरच्या वस्तीचे पाणी सर्वांत आधी कमी होते. काही तासांच्या पाहणीसाठीदेखील पाणीकपात जाहीर करावी लागली, हे डिसेंबर २०२३ मध्ये सर्वांनी अनुभवले. छताखालची सळई साफ करणे, गंजरोधक लावणे, नवे आवरण चढवणे आणि ते पिकू देणे हे काम तासांचे नसून एकेका कप्प्याला महिन्यांचे आहे.

म्हणजे जलाशयाचे बांधकाम संपले नव्हते. त्याला हात लावायला सवड उरली नव्हती. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा मुद्दा हाच आहे. ज्या मत्तेची दुरुस्ती करता येत नाही तिचे आयुष्य तिच्या सर्वांत दुबळ्या भागाइतकेच असते, आणि जिची दुरुस्ती करता येते तिचे आयुष्य दर दुरुस्तीला पुढे सरकते. कप्पा आळीपाळीने बंद ठेवता येईल इतकी एखादी पर्यायी टाकी जवळ असेल, तर जुन्या जलाशयाचे उर्वरित आयुष्य त्याच दिवशी वाढते, त्यात एक पाटी सिमेंटही न घालता. अशा वेळी छोट्या पर्यायी टाकीचा खर्च हा नव्या साठवणुकीचा खर्च म्हणून न पाहता मोठ्या मत्तेचे आयुष्य विकत घेण्याचा खर्च म्हणून पाहावा लागतो. अंदाजपत्रकाच्या नेहमीच्या नमुन्यात यासाठी रकाना नाही.

क्षमतावाढीचा मुद्दा या सगळ्यात मिसळला गेला आणि त्याने गोंधळ वाढवला. टाकी जीर्ण आहे हा एक दावा, टाकी लहान पडते हा दुसरा. पहिला खरा नसतानाही दुसरा खरा असू शकतो. पण दोन्ही एकाच ६९८ कोटींच्या प्रस्तावात आल्यामुळे जीर्णतेचा पुरावा मागणाऱ्याला क्षमतेचे उत्तर मिळे आणि क्षमतेची गरज विचारणाऱ्याला जीर्णतेचे. चार-पाच कोटी लिटरची वाढ हवी असेल तर ती पाडकामाशिवाय कुठे मिळते, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला गेला पाहिजे होता. मार्च २०२२ नंतर महापालिकेत निवडून आलेले सभागृह नव्हते आणि खर्चाला मंजुरी देणारी स्थायी समितीही नव्हती, त्यामुळे असे प्रश्न विचारण्याची नेहमीची जागाच त्या काळात रिकामी होती.

अभियंत्याची बाजू

‘पाडा आणि नवे बांधा’ असा अभिप्राय देणाऱ्या अभियंत्याला बेफिकीर समजणे अन्यायाचे होईल. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि माणसे मेली. त्या पुलाचे संरचनात्मक परीक्षण आधी झालेले होते आणि किरकोळ दुरुस्तीनंतर तो वापरण्याजोगा ठरवला गेला होता. दुर्घटनेनंतर परीक्षण करणाऱ्यासह महापालिकेच्या अभियंत्यांनाही अटक झाली. ही घटना पाहिलेल्या खात्यात ‘आणखी वीस वर्षे चालेल’ या वाक्याखाली सही करायला कोण धजावेल? टाकी वीस वर्षे आधी पाडली म्हणून कुणावर गुन्हा दाखल झाल्याचे ऐकिवात नाही. अंदाजाच्या एका बाजूच्या चुकीला तुरुंग आणि दुसऱ्या बाजूच्या चुकीला काहीच नाही, अशी रचना असेल तर सर्व अंदाज एकाच बाजूला झुकणार.

यावर उपाय म्हणजे अंदाज एका माणसाचा न ठेवणे आणि तो मुदतीचा ठेवणे. ‘वीस वर्षे चालेल’ ऐवजी ‘अमुक कप्प्याच्या छताची दुरुस्ती अमुक सालापर्यंत झाली आणि दर पाच वर्षांनी आतून पाहणी झाली, तर तोवर सुरक्षित’ असे लिहिता येते. असे विधान तपासता येते, आणि अटी पाळल्या नाहीत तर जबाबदारी कुणाची हेही त्यातूनच ठरते. मलबार हिल प्रकरणात दोन संस्थांचे तज्ज्ञ आणि नागरिक आत उतरले, यामुळे निर्णयाचे ओझे वाटले गेले, आणि मला वाटते, दुरुस्तीचा मार्ग त्यामुळेच शक्य झाला.

पैशाचा हिशेब

पुनर्बांधणी वीस वर्षे पुढे ढकलण्याची किंमत किती, हे पुढील गणितावरून ढोबळमानाने कळते. दर मी गृहीत धरले आहेत. ते बदलले की उत्तर बदलेल. व्याजदर ८ टक्के आणि बांधकाम खर्चातील वाढ दरसाल ५ टक्के धरू. आज ६९८ कोटींचे काम वीस वर्षांनी सुमारे १,८५० कोटींचे होईल. विरोधकांना हाच आकडा दाखवून घाबरवले जाते. पण ते १,८५० कोटी वीस वर्षांनी द्यायचे आहेत. ८ टक्के दराने त्यांची आजची किंमत, म्हणजे आज गुंतवल्यास वीस वर्षांनी तेवढी होईल अशी रक्कम, सुमारे ३९७ कोटी येते. म्हणजे काम पुढे ढकलल्याने आजच्या पैशात सुमारे ३०० कोटी वाचतात. दुरुस्ती, पर्यायी टाकी आणि वीस वर्षांच्या तपासण्या मिळून खर्च त्याहून कमी राहत असेल तर दुरुस्ती परवडते, जास्त होत असेल तर परवडत नाही. झाडांची आणि सात वर्षे बंद राहणाऱ्या उद्यानाची किंमत यात धरलेलीच नाही. ती धरली तर पारडे दुरुस्तीकडे आणखी झुकते. उलट दुरुस्तीनंतर वीसऐवजी आठच वर्षे मिळणार असतील तर बचत साधारण १४० कोटींवर येते, आणि मग दुरुस्तीवर खर्च करताना दहा वेळा विचार करावा लागेल. उर्वरित आयुष्याचा अंदाज बारा वर्षांनी चुकला तर सुमारे १६० कोटींचा फरक पडतो, यावरून तपासणीवर खर्च होणाऱ्या पैशाकडे काटकसरीने पाहू नये हे लक्षात येईल.

नोंदवहीत काय लिहावे

२००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिकेनंतर देशातील महापालिका आणि नगरपरिषदा हळूहळू उपार्जन पद्धतीकडे (रोख येण्या-जाण्याची वाट न पाहता उत्पन्न आणि खर्च नोंदवण्याकडे) वळल्या, आणि स्थिर मत्तांवर घसारा काढणे ओघाने आले. चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने स्थानिक संस्थांसाठी काढलेल्या लेखामानकांपैकी १७ वे मानक सांगते की मत्तेचे उपयुक्त आयुष्य दरवर्षी ताळेबंदाच्या तारखेला तरी पुन्हा तपासावे, आणि ज्या भागांची किंमत लक्षणीय आहे त्यांचा घसारा स्वतंत्र काढावा. अंदाज बदलला तर मागची वर्षे उकरायची नसतात; शिल्लक किंमत नव्या उर्वरित आयुष्यावर पुढे पसरायची असते. प्रत्यक्षात वार्षिक तपासणी म्हणजे मागील वर्षीचा रकाना यंदाच्या तक्त्यात उतरवणे, असेच बहुतेक ठिकाणी घडते, कारण लेखा विभागाला टाकीत कोण उतरले होते हे माहीत नसते आणि जल अभियंत्याला घसाऱ्याशी देणेघेणे नसते.

मलबार हिलसारख्या जलाशयाची एकच ओळ नोंदवहीत असू नये. तळ आणि भिंती, खांब, छताचा प्रत्येक कप्पा, छतावरील जलरोधक थर, येणाऱ्या-जाणाऱ्या वाहिन्या, व्हॉल्व्ह आणि मोजणी यंत्रे यांच्या स्वतंत्र ओळी हव्यात. व्हॉल्व्हला पंधरा-वीस वर्षे, जलरोधक थराला दहा-बारा वर्षे आणि भिंतींना तपासणीतून येईल तितके आयुष्य द्यावे. दुरुस्तीचा खर्च आयुष्य वाढवणारा असेल तर तो भांडवली धरून त्या भागाच्या ओळीत मिळवावा. नुसते पापुद्रे झाडून रंग देणे हा महसुली, म्हणजे त्याच वर्षात संपणारा, खर्च. प्रत्येक ओळीसमोर शेवटची आतली पाहणी कोणत्या तारखेला झाली, कोणता कप्पा तेव्हा किती तास बंद ठेवता आला आणि पुढची पाहणी कधी, हे तीन रकाने असावेत. यातला मधला रकाना कोणत्याच लेखा संहितेच्या नमुन्यात सापडणार नाही, पण दुरुस्तीला किती सवड मिळते ते त्यातूनच कळते. तो आकडा दरवर्षी घटत चालला असेल, तर पर्यायी टाकीचा प्रस्ताव छत गळू लागण्याची वाट न पाहता त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात यायला हवा.